मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर घेतलंत? मग या चुका टाळा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स बघायचो. तिथे एका हायड्रॉलिक प्रेसच्या सिलिंडरचं सील पाच महिन्यांत चार वेळा बदललं गेलं आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. तीन शिफ्ट, तीन फिटर. प्रत्येकाला वाटायचं, आपण पहिल्यांदाच बदलतोय. सॉफ्टवेअरमध्ये चारही नोंदी होत्या, पण दोन 'प्रेस २' नावाने, एक '१०० टन प्रेस' आणि एक नुसती 'मोठा प्रेस'. नावं एक केली तेव्हा चारही नोंदी एकाखाली एक दिसल्या. सिलिंडर खोलला, तर रॉडवर नख अडकेल असा ओरखडा. नवं सील घातलं की तोच ते कापायचा.

म्हणून आधी प्रत्येक मशीनला एकच कोड द्या, आणि क्यूआर स्टिकर पॅनेलच्या दारावर लावा. कूलंट उडतं तिथे लावलेलं स्टिकर फार दिवस टिकत नाही, मग पोरं पुन्हा अंदाजाने नाव टाकतात.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त सलते: 'काम झालं' एवढंच लिहून वर्क ऑर्डर, म्हणजे दुरुस्तीच्या कामाची नोंद, बंद करणं. तीही शनिवारी संध्याकाळी, आठवड्याभराची एकदम. अशा नोंदींचा इतिहास म्हणून काडीचा उपयोग होत नाही. काय बिघडलं, का बिघडलं, कोणता पार्ट घातला, मशीन किती वेळ बंद होतं, एवढं मशीनपाशी उभं राहूनच भरलं पाहिजे. फिटरला इंग्रजीत टाइप करायला लावू नका. मराठीत बोलून नोंद करू द्या, जुन्या पार्टचा फोटो काढू द्या. ज्याच्या हाताला ग्रीस लागलंय त्याचं ज्ञान सॉफ्टवेअरमध्ये यायला हवं.

रिमाइंडर येतात पण कुणी बघत नाही, ही तक्रार सातपूरपासून सिन्नरपर्यंत ऐकली आहे. बहुतेक वेळा कारण एकच असतं: सगळ्या मशीनना सरसकट 'दर तीन महिन्यांनी' लावलेलं असतं. समजा, एका कॉम्प्रेसरचं ऑइल २,००० तासांनी बदलायचं आहे. आठवड्याला सहा दिवस तिन्ही शिफ्ट चालला तर ते तास १४ आठवड्यांत भरतात. एकाच शिफ्टला जवळजवळ ४२ आठवडे लागतात. म्हणजे एकाच तारखेने एका शिफ्टच्या कॉम्प्रेसरमधलं चांगलं ऑइल फेकलं जातं. वेळापत्रक तासांवर लावा आणि मीटरचं रीडिंग दर सोमवारी भरायची जबाबदारी एकाच माणसाला द्या. त्याच्या रजेच्या दिवशी कोण भरणार, तेही ठरवा.

स्टोअर, म्हणजे पार्टचा साठा, सॉफ्टवेअरला जोडायला विसरू नका. रिमाइंडर वेळेवर आलं आणि बेअरिंगच शिल्लक नसेल तर मशीन उभंच राहतं. जो पार्ट यायला तीन आठवडे लागतात, त्याचा किमान साठा आधी भरा. नट-बोल्ट नंतर बघू.

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसवाल्यांनी मात्र तासांबरोबर हंगामही बघावा. जानेवारी ते एप्रिल माल येत असताना प्रीकूलिंग, म्हणजे आलेला माल लगेच थंड करणारी खोली, बंद ठेवून सर्व्हिसिंग करणं परवडत नाही. फॅन, कंडेन्सर, गॅसची गळती, डोअर गास्केट ही कामं सॉफ्टवेअरमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरला ओढून घ्या, आणि डिसेंबरमध्ये एकदा रिकामी खोली थंड करून तापमान उतरायला किती वेळ लागतो ते नोंदवा. पुढच्या डिसेंबरला तोच आकडा ताडून बघता येईल.