ड्रॉइंगच्या चुका दाखवणारं सॉफ्टवेअर वापरताय? मग या चुका टाळा

सांगलीत एलिमेंटरी-इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांनी घरी कॉम्प्युटरला पेन टॅब्लेट (पेननं काढलेलं स्क्रीनवर दाखवणारी पाटी) जोडून असल्या सॉफ्टवेअरवर सराव जरूर करावा, पण ते नेमकं काय बघतं ते आधी समजून घ्या. या प्रकारातलं एक जुनं नाव म्हणजे आयकॅनड्रॉ, अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या टीमनं २०१० मध्ये मांडलेलं. फोटोतल्या चेहऱ्यावर डोळे, नाक, ओठ कुठं आहेत ते शोधायचं, तुमच्या रेघा त्याच्याशी ताडून बघायच्या आणि कुठं चुकलं ते सांगायचं, असं त्याचं काम. म्हणजे सगळा खेळ मापांचा. रेघेत जान आहे का नाही ते ड्रॉइंगच्या सरांनाच विचारा.

"मी बरोबर काढलंय तरी चेहरा रुंद आहे म्हणतंय" असं होत असेल तर आधी टॅब्लेट तपासा. टॅब्लेटवर वाटी पालथी ठेवा, कडेनं पेन फिरवा, स्क्रीनवर गोल आडवा ताणलेला दिसला तर दोष तुमच्या हाताचा नाही. रुंदी-उंचीचं प्रमाण टॅब्लेटच्या भागाचं १६:१० आणि स्क्रीनचं १६:९ असेल तर गोल साधारण ११ टक्के रुंद होतो. टॅब्लेटच्या ड्रायव्हरच्या (टॅब्लेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये हे प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असेल तर तो चालू करा, आणि दोन स्क्रीन जोडल्या असतील तर पेन एकाच स्क्रीनवर चालेल असं सेटिंग करा.

फोटो समोरून काढलेला, सारख्या उजेडातला घ्या. मान तिरकी, चष्मा, भुवयांवर केस असं असलं की सॉफ्टवेअरच गंडतं, मग ते दाखवतंय ती दुरुस्ती पण चुकीचीच.

पापण्या, बुबुळं यात आधीच रमू नका, डोक्याचा आकार पहिला. डोळे सगळेच जण फार वर काढतात, खरं तर ते टाळू ते हनुवटी या उंचीच्या साधारण मध्यावर येतात.

आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे एक रेघ मारली की लगेच चेकचं बटण. असं केलं की डोळा माप घ्यायचं सोडूनच देतो, नुसता लाल खुणांच्या मागं हात फिरत राहतो. पूर्ण चेहरा काढा, कुठं चुकलंय ते स्वतः कागदावर लिहा, मग चेक करा आणि जे तुमच्या नजरेतून सुटलं त्याचाच पुढचा सराव करा. स्मरणचित्राच्या पेपरला समोर फोटो पण नसतो आणि बटण पण नसतं, त्यामुळं आठवड्यातून एकदा तरी सॉफ्टवेअर बंद ठेवून तोच चेहरा आठवून काढा.