लिसनर जोडलात, सोडवलात का? इव्हेंट हाताळताना या चुका टाळा

एका दुकानाच्या मालसाठ्याचा प्रोग्राम मी जावा स्विंगमध्ये (खिडक्या-बटणं बनवायची जावाची लायब्ररी) लिहिला होता. सकाळी तो झपाझप चालायचा, संध्याकाळी मात्र बटण दाबलं की दोन-दोन सेकंद अडकायचा. दुकानदारकाका रोज दुपारी जेवायला जाताना तो बंद करून पुन्हा सुरू करायचे. तेवढ्यावर भागत होतं, म्हणून मला बरेच दिवस पत्ताच लागला नाही. शेवटी व्हिज्युअलव्हीएम या तपासणीच्या साधनाने हीप डंप, म्हणजे मेमरीत त्या क्षणी काय काय आहे याची नोंद, काढला. वस्तूचा तपशील दाखवणारी एकच खिडकी मेमरीत शंभराच्या वर प्रतींनी बसलेली होती, आणि पडद्यावर तर एकही उघडी नव्हती.

खिडकी उघडताना ती साठ्याच्या ऑब्जेक्टवर आपला लिसनर, म्हणजे काही बदललं की सूचना मिळावी म्हणून नोंदवलेला कोडचा तुकडा, जोडत होती. बंद होताना तो काढायची ओळ कुठेच नव्हती. साठ्याचा ऑब्जेक्ट प्रोग्राम चालू आहे तोवर जिवंत. त्याच्या यादीने लिसनर धरलेला, लिसनरने खिडकी, खिडकीने तिचं अख्खं टेबल. न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला हे सगळं वापरातलंच दिसतं, मग तो हात कशाला लावेल? वर एका वस्तूचा आकडा बदलला की बंद झालेली प्रत्येक खिडकी आपलं टेबल नव्याने भरायला घ्यायची. प्रोग्राम मंद व्हायचा तो यामुळे. या दुखण्याला ‘लॅप्स्ड लिसनर’ असं नावच आहे.

म्हणून जोडणारी ओळ लिहिली की त्याच बैठकीत काढणारी ओळही लिहा. अँड्रॉइडमध्ये ऑनस्टार्टला जोडलंत तर ऑनस्टॉपला सोडवा, ऑनक्रिएटला जोडलंत तर ऑनडिस्ट्रॉयला. स्विंगमध्ये मी काढायची ओळ विंडोक्लोज्डमध्ये टाकली, तर ती चाललीच नाही. फुलीवर क्लिक केलं की जेफ्रेम काय किंवा जेडायलॉग काय, मुळात नुसते लपतात. विंडोक्लोज्ड येतं ते डिस्पोज झाल्यावरच, म्हणजे खिडकी खरोखर मोडीत निघाल्यावरच. बंद करण्याची पद्धत ‘डिस्पोज ऑन क्लोज’ केली, तेव्हा कुठे ती ओळ चालायला लागली.

वीक रेफरन्स (कलेक्टरला न अडवणारा कमजोर संदर्भ) वापरा, मग काढायची कटकट नाही, असं बरेच जण सुचवतात. मला तो पहिला उपाय म्हणून पटत नाही. बाहेरचं काही पकडून ठेवणारा लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) तुम्ही थेट तिथेच लिहून दिलात, तर यादीतल्या त्या कमजोर संदर्भाशिवाय त्याला धरणारं कुणीच उरत नाही. कलेक्टर आला की तो गेला. सूचना येता येता मध्येच थांबतात, दर वेळी वेगळ्या क्षणी, आणि असा बग शोधायला आठवडा पुरत नाही.

काढला, तरी निघाला नाही

ही चूक भल्याभल्यांकडून होते. जोडताना मेथड रेफरन्स (लिसनर म्हणून नुसतं मेथडचं नाव देणं) लिहिला आणि काढताना तोच पुन्हा टाइप केला. दिसायला दोन्ही ओळी सारख्या, पण जावामध्ये त्या दोन जागी सहसा दोन वेगळे ऑब्जेक्ट तयार होतात. यादीत शोधताना जुळणी होत नाही, एरर येत नाही, लिसनर जागचा हलत नाही. जावास्क्रिप्टमध्ये बाइंड (फंक्शन एका ऑब्जेक्टला बांधून देणं) दोनदा केलं की हेच होतं. लिसनर एकदाच बनवा, क्लासच्या फील्डमध्ये ठेवा आणि जोडताना-काढताना तेच फील्ड वापरा.

यादी फिरत असताना यादीलाच हात

सूचना मिळताच लिसनर स्वतःला यादीतून काढून घेतो, हे अगदी नेहमीचं. यादी साधी ॲरेलिस्ट असेल तर कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन येतं. आलं तर नशीब म्हणा, निदान कळतं तरी. समजा तीन लिसनर आहेत आणि दुसऱ्याने स्वतःला काढलं. यादीची लांबी तीनाची दोन झाली आणि लूपही दोनच पावलं पुढे आलेला. त्याला वाटतं, संपलं. एक्सेप्शन येतच नाही, तिसऱ्याला सूचना मिळतच नाही. तिसऱ्याच्या कोडमध्ये कितीही डोकं घातलं तरी काही सापडणार नाही, कारण चूक तिथे नाहीच. जावा ५ पासून कॉपीऑनराइटॲरेलिस्ट आहे, ती प्रत्येक बदलाला यादीची नवी प्रत बनवते; ती वापरा. लिसनरची यादी वाचली जाते पुष्कळदा आणि बदलते क्वचित, त्यामुळे ती इथे चपखल बसते.

लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) हातात धरून लिसनरला कधीही बोलावू नका. तो आत काय करेल, कुठलं दुसरं लॉक मागेल, हे तुमच्या हातात नसतं, आणि डेडलॉक, म्हणजे थ्रेड एकमेकांची वाट पाहत अडकणं, तिथूनच सुरू होतो. एका लिसनरने एक्सेप्शन फेकलं की पुढचे सगळे उपाशी राहतात, म्हणून प्रत्येक कॉलभोवती ट्राय-कॅच घाला आणि पकडलेलं लॉगमध्ये नोंदवा. सूचना दुसऱ्या थ्रेडवर आली असेल तर पडद्याचं काम इन्व्होकलेटरकडे (ते स्विंगच्या थ्रेडवर पाठवणारी मेथड) सोपवा. दोन फील्ड एकमेकांना बदलत गोल फिरत असतील तर जुनी आणि नवी किंमत ताडून पाहा. प्रॉपर्टीचेंजसपोर्ट (लिसनरची यादी सांभाळणारा जावाचा तयार क्लास) हे आपणहून करतं, किंमत तीच असेल (आणि नल नसेल) तर गप्प बसतं.

जुन्या कोडमध्ये ऑब्झर्व्हेबल क्लास दिसला आणि सूचना जात नसतील, तर आधी सेटचेंज्ड बोलावलंय का ते बघा. ते नसेल तर नोटिफायऑब्झर्व्हर्स काहीच न करता परत येतं. हा क्लास जावा ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, डेप्रिकेटेड (वापरू नका असं जाहीर केलेला) आहे. नव्या कामात घेऊच नका.

आता मी प्रत्येक नव्या खिडकीवर एक छोटी चाचणी लिहितो. साठ्यावर जोडलेले लिसनर देणाऱ्या गेटप्रॉपर्टीचेंजलिसनर्सने आलेल्या ॲरेची लांबी नोंदवायची, खिडकी पन्नास वेळा उघडून बंद करायची आणि लांबी पुन्हा मोजायची. दोन्ही आकडे सारखे आले तरच कोड दुकानात जातो.