सायकलच्या दांड्यावर बॅटरी घट्ट कशी बसवावी

साध्या सायकलला हब मोटरचे, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या विजेच्या मोटरचे, किट लावताना बहुतेकांचे सारे लक्ष मोटर आणि तिची वीज नियंत्रित करणाऱ्या कंट्रोलरच्या जोडणीकडे असते. बॅटरी मात्र पाण्याच्या बाटलीसाठी दिलेल्या दोन स्क्रूंच्या भरवशावर सोडली जाते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी आवरणासह साधारण तीन किलो भरते, आणि त्या स्क्रूंचे एम-५ मापाचे (५ मिलीमीटर व्यासाचे) आटे जेमतेम किलोभराच्या बाटलीसाठी केलेले असतात. चाक खड्ड्यात आपटले की हा भार क्षणभर काही पटींनी वाढतो. म्हणून स्क्रूंनी बॅटरीची जागा धरावी आणि भार दांड्यावर पसरावा, या हिशेबाने काम करावे.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी बंद करून तळपट्टीपासून, म्हणजे ती जिच्यावर सरकवून बसवतात त्या पट्टीपासून, वेगळी काढावी. नुसत्या प्लॅस्टिकच्या वेष्टनातला सेलचा गठ्ठा दांड्याला बांधणे धोक्याचे आहे. त्याला कडक पेटी हवीच. हँडलखालून पेडलकडे उतरणाऱ्या दांड्यावर, म्हणजे डाउन ट्यूबवर, तळपट्टी शक्य तितकी खाली धरून पाहावी. क्रँक पूर्ण फिरतो का, पुढचे चाक कुठे घासत नाही ना आणि बॅटरी वर सरकवून काढण्यापुरती मोकळी जागा उरते का, हे तपासल्यावरच जागा ठरवावी.

बहुतेक चुका तळपट्टी बसवताना होतात. दांडा गोल आणि पट्टी सपाट असल्यामुळे ती फक्त स्क्रूंपाशी टेकते, तिची टोके अधांतरी राहतात आणि प्रत्येक हादऱ्याला सगळी बॅटरी डुलते. हेच डुलणे पुढे आटे खाते. त्यासाठी पट्टीच्या दोन्ही कडांखाली जाड रबराच्या लांब पट्ट्या द्याव्यात, म्हणजे ती दांड्यावर घोड्याच्या खोगिरासारखी बसते. स्क्रूंपाशी योग्य जाडीचे वायसर घालावेत, नाहीतर आवळताना पट्टी वाकते आणि बॅटरी खाचेत अडकते. स्क्रूची डोकी चपटी असावीत, कारण वर आलेले डोके बॅटरीच्या तळाला घासते. आट्यांना निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून ३ ते ५ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचे माप) इतकेच आवळावे. त्याहून जोर दिल्यास अॅल्युमिनियमच्या फ्रेममधले आटे जाऊ शकतात.

यानंतर तळपट्टीच्या दोन्ही टोकांजवळ, पट्टी आणि दांडा एकत्र कवटाळतील असे स्टेनलेस स्टीलचे होज क्लॅम्प (स्क्रूने आवळता येणारी पट्टीची कडी) लावावेत. ते बॅटरी सरकण्याच्या खाचेत येऊ नयेत, त्यांच्याखाली जुन्या ट्यूबचे रबर असावे आणि ब्रेकची केबल कुठेही दाबली जाऊ नये. पातळ दांडा चेपेल इतके आवळू नये. कार्बनच्या फ्रेमवर तर क्लॅम्प वापरूच नयेत. प्लॅस्टिकचे झिप टाय उन्हाने ठिसूळ होतात, त्यांच्यावर वायरींपलीकडे कसलाही भार टाकू नये.

आपल्याकडच्या काळ्या दणकट सायकलींना अनेकदा बाटलीची छिद्रेच नसतात. अशा वेळी दांड्याला ड्रिल मारण्याचा मोह टाळलेला बरा, कारण छिद्रामुळे फ्रेम नेमकी ताणाच्या जागी कमजोर होऊ शकते. त्याऐवजी दांड्याभोवती बसणारे दोन तुकड्यांचे क्लॅम्प आणि नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे हादऱ्याने सैल न होणारे नट) वापरावेत. मागच्या कॅरिअरवर बॅटरी ठेवणे सोपे असले तरी वजन उंचावर आणि मागे जाते, त्यामुळे वळणावर सायकल झुलते. फ्रेममध्ये जागाच नसेल तरच तो पर्याय घ्यावा.

हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवले तरी वायर ताणली जाणार नाही, इतकी ती सैल असावी आणि कनेक्टरच्या आधी तिला खाली झुकणारा वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच गळून पडते. शेवटी बॅटरी चढवून तिचे कुलूप लावावे, ती दोन्ही हातांनी धरून जोरात हलवावी आणि पाहावे : सायकल हलली तर ठीक, एकटी बॅटरी हलली तर पट्टीखालच्या रबराची जाडी पुन्हा जुळवावी. स्क्रूचे डोके आणि पट्टी यांवरून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर आणि पुढे दर महिन्याला ती तपासावी. रेघ तुटलेली दिसली, तर तो स्क्रू काढून आटे पुसावेत आणि नवे थ्रेडलॉकर लावून पुन्हा आवळावा.