झाकण काचेवर बसत नाही: रायफल स्कोपची फ्लिप कव्हर घेताना या चुका टाळा

स्कोपवर ३-९×४० लिहिलंय, म्हणून ४० मिलिमीटरचं फ्लिप कव्हर, म्हणजे भिंगावरचं स्प्रिंगने उघडणारं झाकण, मागवलं. पाकीट फोडलं, कव्हर स्कोपच्या तोंडाशी नेलं, तर ते बसायचं नावच घेईना. माझं हे दोनदा झालंय. पहिल्यांदा अज्ञानामुळे, दुसऱ्यांदा घाईमुळे.

३-९ म्हणजे चित्र किती पट मोठं दिसतं ते, आणि ४० हा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास. कव्हर मात्र त्या भिंगाभोवतीच्या धातूच्या कडेवर चढतं, आणि त्या कडेची जाडी प्रत्येक कंपनीची वेगळी. ५० मिमीच्या बऱ्याच स्कोपचं तोंड बाहेरून ५६ ते ६० मिमी भरतं. म्हणजे शेजारी ठेवलेल्या दोन ५० च्या स्कोपना एकच कव्हर बसेल याची काही खात्री नाही. मागच्या बाजूचं तर आणखी अवघड, कारण आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या भागाचा, व्यास स्कोपच्या नावात कुठे लिहिलेलाच नसतो.

तेव्हा आधी मोजा. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम. नसेल तर कागदाची अरुंद पट्टी कडेभोवती घट्ट गुंडाळा, जिथे टोक मिळतं तिथे खूण करा, पट्टी सरळ करून लांबी मोजा आणि तिला ३.१४ ने भागा. पट्टी १८० मिमी भरली तर बाहेरचा व्यास साधारण ५७.३ मिमी. स्कोपसोबत आलेलं रबरी कव्हर आधी काढून ठेवा. माझी दुसऱ्या वेळची घाई ती हीच होती, मी त्याच्यावरूनच मोजलं होतं. आयपीसची कड मागे निमुळती होत जाते किंवा तिच्यावर रबराची गोल पट्टी असते, म्हणून तिथे दोन-तीन जागी माप घ्या आणि कव्हर नेमकं जिथे पकडणार आहे तिथलं माप धरा. मग विक्रेत्याचा तक्ता बघा. बटलर क्रीकसारख्या कंपन्या पुढच्या आणि मागच्या कव्हरना वेगवेगळे क्रमांक देतात. हे क्रमांक म्हणजे मिलिमीटर नव्हेत, हे ध्यानात ठेवा.

आटे असलेली, म्हणजे फिरवून बसवायची कव्हर हा दुसरा प्रकार. ती पक्की बसतात, पण आट्यांचा व्यास आणि अंतर जुळलं तरच. ‘जवळपास बसतंय’ म्हणून जोर लावला तर स्कोपच्या तोंडाचे आटे जातात आणि नुकसान कव्हरचं नाही, स्कोपचं होतं.

माप जुळलं, कव्हर चढलंही, आणि तरी पंचाईत होतेच. बहुतेक लोक इथे अडकतात, कारण दुकानात कव्हर बघताना आजूबाजूची रायफल डोळ्यांसमोर नसते.

स्कोप खाली बसवलेला असेल तर त्याच्या तोंडाच्या आणि रायफलच्या नळीच्या मध्ये जेमतेम फट असते. त्या फटीत कव्हरची दीड-दोन मिलिमीटरची भिंत घुसली की ते नळीला टेकतं. नळी मोकळी असायला हवी, गोळी सुटताना ती थरथरते आणि कशाला टेकली तर मारा सरकतो. गंमत अशी, की माणूस मग स्कोपला दोष देतो, काडतुसाला देतो, स्वतःच्या खांद्याला देतो, पण कव्हरकडे बघत नाही. बसवल्यावर कव्हर आणि नळीच्या मधून कागदाचा तुकडा सरकवून पाहा. अडला तर ते कव्हर त्या माउंटवर, म्हणजे स्कोप रायफलला धरणाऱ्या पकडीवर, चालणार नाही. स्कोप धरणाऱ्या उंच रिंग घालता येतात, पण मग गाल टेकवायची जागा बदलते आणि पुन्हा झिरो करावं लागतं, म्हणजे नेम आणि गोळी लागायची जागा जुळवावी लागते. एका झाकणापायी एवढं करावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी करत नाही.

मागच्या बाजूला भांडण बोल्टच्या, म्हणजे काडतूस भरायला मागेपुढे करायच्या भागाच्या, दांड्याशी. खाली उघडणारं झाकण बोल्ट वर उचलताना आडवं येतं, बोल्टच्या बाजूला उघडणारं हाताला लागतं. उजव्या हाताने बोल्ट चालवणाऱ्याने मागचं झाकण डावीकडे किंवा वर उघडेल असं फिरवून बसवावं. वर उघडलेलं टोपीच्या कडेला धडकतं, तेही आधी तपासा. रायफल रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट दहा वेळा पूर्ण मागेपुढे करा, नेहमीचे हातमोजे घालून.

आता फिरण्याचा प्रश्न. काही स्कोपमध्ये मॅग्निफिकेशन बदलताना अख्खं आयपीस फिरतं, काहींत फक्त मधली रिंग. अख्खं फिरणारं असेल तर ३ वर डावीकडे उघडणारं झाकण ९ वर भलतीकडेच तोंड करून उभं राहतं. पुढे पॅरॅलॅक्सची, म्हणजे अंतरानुसार चित्र जुळवायची, रिंग असलेल्या स्कोपचीही तीच कथा, रिंग फिरली की झाकणही फिरतं. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त अशा दोन्ही टोकांना नेऊन पाहा. नुसत्या पहिल्या स्थितीवर समाधान मानू नका.

मागचं कव्हर आयपीसची लांबी थोडी वाढवतं. शिकारी स्कोपचा आय रिलीफ, म्हणजे डोळा आयपीसपासून जितका लांब ठेवायचा ते अंतर, बहुधा ९० मिमीच्या आसपास असतो, त्यातले काही मिलिमीटर कव्हरची कडा खाते. जोराचा धक्का देणाऱ्या रायफलवर ही कडा भुवईपर्यंत पोहोचू शकते. कपाळावर चंद्रकोर उमटलेले शिकारी पाहिलेत ना? त्यांच्यात सामील व्हायचं नसेल तर मागचं कव्हर कमी खोलीचं घ्या.

बसवताना सर्वांत वाईट सवय म्हणजे डिंक. कव्हर किंचित सैल आहे म्हणून झटपट चिकटणारा गोंद लावणाऱ्यांनी विचार करावा की उद्या ते काढायचं कसं. त्याच्या वाफेने काचेवर पांढरा थरही बसतो. किंचित सैल असेल तर कडेवर विजेच्या टेपचा एक थर पुरतो. दोन-तीन थर लागत असतील तर कव्हरचं मापच चुकलंय, बदलून घ्या. किंचित घट्ट असेल तर प्लास्टिक कोमट पाण्यात ठेवून मऊ करा आणि कोरडं करून चढवा. कडेवर बंदुकीचं तेल राहिलं असेल तर आधी पुसा, नाहीतर दोन-चार फैरींतच कव्हर पुढे सरकतं.

वापरताना काय बिघडतं? चालताना पुढचं झाकण आपोआप उघडतं: खटका झिजलाय किंवा झाकण पूर्ण मिटलेलं नाही. ‘टक्’ आवाज आला का ते ऐका. थंडीत उघडत नाही: खटक्यात पाणी गोठलंय, आणि तिथे तेल घातलंत तर ते धूळ ओढून आणखी घट्ट होईल. गोळी सुटली की झाकण मिटतं: स्प्रिंग थकली. पुढचं झाकण अर्धवट उघडं राहिलं तर चित्राचा एक भाग कापलेला दिसेल असं वाटतं, पण तसं होत नाही. चित्र फक्त मंद होतं, म्हणून लक्षातच येत नाही. संधिप्रकाशात ‘आज स्कोप अंधुक वाटतोय’ असं वाटलं की आधी झाकणाकडे बघा.

आवाज हा वेगळा विषय. स्प्रिंगचं झाकण मोकळं सोडलं तर फट्कन उघडतं आणि शांत रानात तो आवाज सावजापर्यंत जातो. झाकणावर बोट ठेवून हळू सोडा, तेही सावज दिसायच्या आधी.

पारदर्शक झाकणातून नेम धरता येतो, पण ते अडीअडचणीपुरतंच. प्लास्टिक भिंगासारखं घासलेलं नसतं, चित्र धूसर होतं. त्यातून झिरो करण्याचा विचारही नको.

ओल्या काचेवर झाकण मिटून रायफल केसमध्ये घालणं ही आणखी एक चूक. ओल आतच अडकते आणि सकाळी भिंगावर धुकं बसलेलं असतं. आधी झाकणं उघडी ठेवून वाळू द्या. मात्र धुकं स्कोपच्या आतल्या बाजूला असेल तर कव्हरचा दोष नाही. स्कोप नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून बंद केलेला असतो, त्याची सील गेली आहे.

आणि कव्हर अडकून बसलं तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन मिनिटं भोवती गुंडाळा, फिरणारी रिंग असेल तर ती एका हाताने घट्ट धरा, दुसऱ्या हाताने कव्हर पिळत पिळत ओढा. त्याआधी आयपीसवर पेन्सिलने खूण करा, म्हणजे फोकस हलला तर रेटिकल, म्हणजे नेमाच्या रेघा, पुन्हा त्याच जागी स्पष्ट आणता येईल. टेपचा चिकटा कडेवर राहिला तर फडक्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, काचेपासून लांब ठेवून.