दोन ग्राफिक्स कार्ड घ्यावीत की एकच दमदार? असं ठरवा

पीसीत एक ग्राफिक्स कार्ड आहे. मदरबोर्डवर त्याच्या खाली तसाच लांब स्लॉट रिकामा दिसतोय आणि तेच मॉडेल आता वापरलेलं, कमी किमतीत मिळतंय. आणखी एक आणून बसवलं तर वेग दुप्पट होईल का? की आहे ते विकून वरच्या श्रेणीचं एकच कार्ड घ्यावं? खरेदीची घाई करण्याआधी पुढच्या क्रमाने तपासत जा.

१. अडचण कार्डाचीच आहे ना, ते बघा

नेहमीचा गेम किंवा सॉफ्टवेअर चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे कार्डावरच्या मुख्य चिपचा, वापर पाहा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड खरंच दमतंय. ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर बहुधा प्रोसेसर मागे पडतोय. गेममध्ये याची सोपी चाचणी आहे: रिझोल्यूशन एकदम कमी करा. तरीही सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं, वाढल्या नाहीत, तर नवं कार्ड एक घ्या नाहीतर दोन, फरक पडणार नाही. फ्रेमना मर्यादा घालणारी सेटिंग, म्हणजे व्ही-सिंक वगैरे, चाचणीआधी बंद करायला विसरू नका.

२. तुमचं काम वाटून देता येतं का, ते ठरवा

सगळा निर्णय खरं तर इथेच होतो. दोन माणसांना दोन भिंती रंगवायला दिल्या तर काम निम्म्या वेळात होतं. पण एकच पत्र दोघांनी आलटूनपालटून एकेक ओळ लिहून पुरं करायचं म्हटलं, तर प्रत्येकाला दुसऱ्याची ओळ संपेपर्यंत थांबावं लागतं. गेम हे पत्रासारखं काम आहे.

पूर्वी तसं नव्हतं. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या दोन वूडू २ कार्डांमध्ये पडद्याच्या ओळी एकाआड एक वाटल्या जायच्या आणि ते छान चालायचं. पुढे एनव्हिडियाने २००४ मध्ये दोन कार्डं जोडण्याची एसएलआय पद्धत आणली, एटीआयने (आता एएमडीचा भाग) २००५ मध्ये तशीच क्रॉसफायर. त्यात बहुतेक वेळा एक फ्रेम पहिलं कार्ड काढायचं, पुढची दुसरं. आजचे गेम मात्र नवी फ्रेम काढताना आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात. टेम्पोरल अँटी-एलियासिंग (कडा गुळगुळीत करणं) आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणं) यांचा पायाच तो आहे. आधीची फ्रेम दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत असेल तर ती मागवायची, तोवर थांबायचं, आणि त्यात दोन कार्डांचा फायदा विरून जातो.

त्याहून त्रासदायक म्हणजे मायक्रो-स्टटर. समजा, फ्रेम ८ मिलिसेकंद, २५ मिलिसेकंद, पुन्हा ८, पुन्हा २५ अशा अंतराने येतायत. सरासरी काढली तर सेकंदाला साधारण ६० फ्रेम भरतात आणि काउंटर तेच दाखवतो. डोळ्यांना मात्र ते २५ मिलिसेकंदांचे खंड जाणवतात, खेळ अडखळत चालल्यासारखा वाटतो. म्हणून दोन कार्डांच्या जुन्या चाचण्यांमधले नुसते सरासरीचे आकडे पाहून निर्णय घेऊ नका.

आता तर कंपन्यांनीच हा रस्ता बंद केलाय. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेत कार्डं जोडण्याची सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआयवर होती, ४० मालिकेत ती कुठेच नाही. २० मालिका आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवे एसएलआय प्रोफाइल, म्हणजे एकेका गेमसाठीची दोन कार्डांची सेटिंग, देणं १ जानेवारी २०२१ पासून थांबलं. एएमडीनेही २०१९ च्या आरएक्स ५७०० मध्ये क्रॉसफायर ठेवलं नाही. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या गेमला कार्डाशी जोडणाऱ्या प्रणालींमध्ये अनेक जीपीयू वापरायची वाट आहे, पण त्यासाठी गेम बनवणाऱ्यांनी स्वतः मेहनत घ्यावी लागते आणि ती फारच थोड्यांनी घेतली. तेव्हा पीसी मुख्यतः गेमसाठी असेल तर एकच दमदार कार्ड घ्या. माझ्या मते इथे दुसरा विचारच करायला नको.

थ्रीडी रेंडरिंग, म्हणजे थ्रीडी दृश्याचं अंतिम चित्र तयार करणं, हे भिंती रंगवण्यासारखं काम. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम विभागात जाऊन सायकल्स या रेंडर इंजिनच्या यादीतल्या दोन्ही कार्डांवर टिक केली की दोन्ही कामाला लागतात आणि वेळ खरोखर घटतो. कार्डं एकसारखी असायचीही गरज नाही. व्हिडिओ एडिटिंगचं उत्तर सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. उदाहरणार्थ, डाव्हिन्ची रिझॉल्व्हमध्ये अनेक जीपीयूंचा आधार हवा असेल तर सशुल्क स्टुडिओ आवृत्ती लागते.

३. मेमरीची बेरीज करताना सावध राहा

८ जीबीची दोन कार्डं म्हणजे १६ जीबी, असं गृहीत धरून अनेक जण फसतात. रेंडरिंगमध्ये साधारणपणे प्रत्येक कार्डाला संपूर्ण दृश्याची स्वतःची प्रत लागते. दृश्य १४ जीबीचं असेल तर १२ जीबीची दोन कार्डं असूनही ते एकातही मावत नाही. मग काम थांबतं किंवा मुख्य रॅमचा आधार घेत रखडतं. अशा वेळी १६ जीबीचं एक कार्ड सरळ सरस ठरतं.

घरच्या पीसीवर एआय भाषा-मॉडेल चालवणाऱ्यांचा हिशेब वेगळा. मॉडेलचे थर दोन कार्डांत विभागून ठेवता येतात, त्यामुळे इथे मेमरीची बेरीज खरी ठरते. ७० अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमध्ये घेतलं तरी नुसती वेट्सच (मॉडेलने शिकलेले आकडे) ३५ जीबी होतात. २४ जीबीच्या एका कार्डात ती मावत नाहीत, दोघांत मावतात. मात्र थर असे वाटले की एका उत्तरासाठी कार्डं पाळीपाळीने काम करतात, म्हणून वेग दुप्पट होण्याची अपेक्षा ठेवू नका.

४. मदरबोर्डची पुस्तिका उघडा

लांब स्लॉट दिसला म्हणजे त्याला १६ लेन, म्हणजे डेटा जाण्यायेण्याच्या १६ वाटा, मिळतात असं नाही. घरगुती प्रोसेसरकडे ग्राफिक्ससाठी बहुधा १६ लेन असतात. काही बोर्ड त्या ८-८ वाटतात, तर अनेक बोर्डांचा दुसरा स्लॉट चिपसेटमार्फत (बोर्डवरची मदतनीस चिप) फक्त ४ लेनवर चालतो. या स्लॉटच्या पीसीआय एक्सप्रेस ४.० या मानकात एका लेनमागे सेकंदाला सुमारे २ जीबी जातात, म्हणजे ४ लेनना ८ जीबी. दृश्य एकदा कार्डात भरून तासभर रेंडर करायचं असेल तर तेवढं पुरतं. डेटाची सतत ये-जा असेल तर हात आखडल्यासारखं होतं.

दोन स्लॉटमधलं अंतर पट्टीने मोजा. आजची मोठी कार्डं तीन स्लॉटची जागा खातात.

५. वीज आणि उष्णता

स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ८ पिनच्या एका जोडणीतून १५०. आरटीएक्स ३०९० ला ३५० वॉट लागतात, म्हणजे अशा दोन कार्डांना ७००, प्रोसेसर वेगळाच. दोन्ही कार्डं आणि प्रोसेसर यांची बेरीज करून त्यावर किमान तिसरा हिस्सा सैल ठेवा, कारण कार्डं क्षणभर नेमून दिलेल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतात. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) त्या हिशेबाने निवडा आणि प्रत्येक जोडणीला स्वतंत्र केबल द्या. कॅबिनेटमध्ये वरचं कार्ड खालच्याची गरम हवा आत घेतं. ते तापलं की वेग आपोआप उतरवतं.

६. दोन्ही कामं असतील तर

गेमही खेळता आणि रेंडरिंगही करता? मग आधी परवडेल ते सर्वांत दमदार कार्ड घेऊन पहिल्या स्लॉटमध्ये बसवा आणि मॉनिटर त्यालाच जोडा. जुनं कार्ड लगेच विकू नका. बोर्ड, जागा आणि एसएमपीएस साथ देत असतील तर ते दुसऱ्या स्लॉटमध्ये राहू द्या. नव्या ड्रायव्हरमध्ये त्याला आधार आहे, एवढी खात्री तेवढी करून घ्या. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्स विभागात कुठल्या ॲपने कुठलं कार्ड वापरायचं ते नेमता येतं.

शेवटी तेच दृश्य तीनदा रेंडर करा: फक्त नव्या कार्डावर, फक्त जुन्यावर, मग दोन्हींवर. प्रत्येक वेळी लागलेला वेळ आणि वरच्या कार्डाचं तापमान टिपून ठेवा. दोन्हींचा वेळ एकट्या नव्या कार्डापेक्षा जेमतेमच कमी आला, तर जुनं कार्ड काढा आणि त्याला चांगली किंमत येतेय तोवर विकून टाका.