जखमी साप चार दिवस ठेवायचाय? या चुका टाळा

मार्च लागला की माझा फोन सापांसाठीच वाजतो. काही फोन साप निघाल्याचे असतात, बाकीचे साप धरून झाल्यावरचे. "भाऊ, धरला. आता ठेवू कशात?" हा प्रश्न साप धरायच्या आधी पडायला हवा, पण तो नेहमी नंतरच पडतो. साप धरायला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं पोरं मोबाईलवर पाहून शिकतात. जखमी सापाला चार दिवस नीट ठेवणं कोणी शिकवत नाही आणि कोणाला शिकायचंही नसतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावांत चौदा वर्षं हे काम करतोय. वाचवलेले साप वाचवणाऱ्याच्याच डब्यात मेलेले पाहून आता सहन होत नाही, म्हणून हे लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडचा कुठलाही साप पाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ त्याच्या आड येतो, आणि बरंच झालं येतो ते. धडधाकट साप असेल तर त्याला घराची गरजच नाही. वनरक्षकाला कळवा आणि त्याच दिवशी, जिथे धरला त्याच्या आसपास, वस्तीपासून बाजूला सोडा. ठेवायची वेळ येते ती जखमी सापावर: डुकरांसाठी वावराला लावलेल्या नायलॉनच्या जाळीत अडकलेला, जेसीबीचा मार बसलेला, विहिरीत आपटलेला, नाहीतर गारुड्याकडून सोडवलेला. तेव्हाही पहिला फोन वनविभागाला. ओळखीचा वनरक्षक नसेल तर १९२६ हा नंबर आहे. त्यांना न कळवता दुसरी रात्र साप घरात राहिला तर तुम्ही सर्पमित्र नाही, साप ठेवून घेतलेला माणूस आहात.

सामान फार लागत नाही. झाकणाला दोन्ही बाजूंनी क्लिपा असलेला, आरपार न दिसणारा तीस-चाळीस लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, जुने पेपर, पाण्याला मातीचं पसरट जड भांडं, लपायला फुटक्या मडक्याचा अर्धा भाग, उशीची एक सुती खोळ. माझ्याकडे हे सगळं पाचशे-सहाशे रुपयांत झालंय. खर्च वाचवायला कोणी बिसलेरीची बाटली वापरतो, कोणी लोणच्याची बरणी. ती काटकसर सापाच्या जिवावर होते.

सावली म्हणजे थंडावा नव्हे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

मे महिना होता. शेजारच्या गावात एका पोराने विहिरीतून धामण काढली. चांगली सहा फुटांची, शेपटीपाशी थोडं खरचटलेलं, बाकी ठणठणीत. काम त्याने छान केलं. सकाळी अकराला मला फोन करून सांगितलं, की संध्याकाळी ऊन उतरलं की सोडतो. मी म्हटलं, थंड जागी ठेव. तो म्हणाला, कोठ्यात ठेवली आहे, सावलीत. मी दुसऱ्या गावात अडकलो होतो, साडेतीनला पोचलो. कोठ्यावर टिनाचे पत्रे, बरणी एका फळीवर, पत्र्यापासून तीन हात खाली. बरणीच्या आतून वाफ धरली होती. धामण तोंड उघडं टाकून उलटी पडली होती, पांढरं पोट वर. तो पोरगा सारखा एकच म्हणत होता, "भाऊ, सावलीतच तं ठेवली होती ना."

खरंच सावलीतच होती. पण आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतं. तापलेल्या पत्र्याखाली, उंचावर, बंद बरणीत काय होत असेल याचा अंदाज माणसाला येत नाही, कारण माणसाला घाम येतो. सापाला घाम येत नाही. त्याचं शरीर भोवतालच्या हवेइतकंच तापतं, म्हणून तो उन्हाळ्यात उंदराच्या बिळात, धुऱ्यावरच्या दगडाखाली शिरून बसतो. आपण त्याला बरणीत घालतो तेव्हा ते बीळ त्याच्यापासून काढून घेतो. मग बीळ शोधायचं काम आपलं.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. साप यायच्या आधी, होळी झाली की, रिकामा डबा घरातल्या ठरलेल्या जागी पूर्ण दिवस ठेवतो आणि आत साधा थर्मामीटर टाकतो. दुपारी दोन ते पाच दर तासाला बघतो. काटा पस्तीसच्या वर गेला की ती जागा बाद. माझ्या घरात शेवटी जमली ती जुन्या कवेलूच्या (कौलांच्या) घरातली, माजघराची उत्तरेकडची भिंत, आणि तीही शेणाने सारवलेल्या जमिनीवर, फळीवर नाही. गरम हवा वर जाते, म्हणून डबा कायम जमिनीलगत. ओलं पोतं डब्यावर टाकू नका. भोकं बुजतात आणि आत नुसती दमट वाफ कोंडते. पोतं शेजारच्या खिडकीला टांगा. कूलर असेल तर हवा खोलीत फिरू द्या, डब्यावर थेट झोत नको, आणि लाईट गेली तर काय, याचं उत्तर आधीच तयार ठेवा. आमच्याकडे लाईट नेमकी दुपारीच जाते.

गाडीत तर साप एक मिनिटही एकटा ठेवायचा नाही. "चहा घेऊन येतो" म्हणून काच लावून गेलेल्यांना मी परत माझ्याबरोबर नेत नाही.

हिवाळ्यात याच्या उलटा वेडेपणा. डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरला की लोकांना दया येते आणि डब्यात बल्ब सोडतात. साप बल्बला चिकटून बसतो आणि भाजतो, खवले सुटून येतात. जखमी साप फारच गारठलेला वाटला तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून डब्याच्या बाहेर, एका टोकाला लावा. दुसरं टोक थंड राहू द्या. कुठे बसायचं ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

भोकं: किती मोठी, कशाने, कुठल्या बाजूने

नव्या माणसाला वाटतं, हवा जास्त हवी म्हणजे भोकं मोठी हवीत. सापाला श्वासाला फार थोडी हवा लागते. भोकं लहान आणि बरीच असावीत, आणि मोठी भोकं का नसावीत ते मला एका परडीने शिकवलं.

परड म्हणजे घोणस, आमच्याकडे परडच म्हणतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पराटीच्या (कापसाच्या वाळल्या झाडांच्या) जुन्या ढिगातून निघालेली, काठीचा मार लागलेली. अंगाने जाड होती. मी जाड बघितलं आणि "खाऊन आहे" असं मानून पुढे गेलो. डबा एका दादाकडून आणलेला, त्याने ड्रिलने बोटाएवढी भोकं पाडलेली. विचार केला, चार फुटांची परड या भोकांतून थोडीच निघणार. पहाटे पाचला आईने हाक मारली. माजघरात टॉर्च मारला तर भिंतीच्या कडेने वीतभर लांबीची परडीची पिल्लं. घोणस अंडी घालत नाही, सरळ पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस-चाळीससुद्धा, आणि पिल्लू जन्मल्या क्षणापासून विषारी असतं. आई, वहिनी आणि लहान पुतणी खाटेवर चढून बसल्या. मी आणि शेजारच्या काकांनी उजाडेपर्यंत पिल्लं धरली. दिवसभर धान्याच्या कणग्या, चूल, जोडे, अंथरुणं झटकली. तरी एक पिल्लू तिसऱ्या दिवशी जात्यामागे निघालं. कोणाला चावलं नाही, हे आमचं नशीब. पुतणी त्यानंतर महिनाभर जमिनीवर पाय ठेवायला घाबरायची.

म्हणून आता माझा नियम असा. भोकं सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने पाडायची, उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडी जाड, दोन्ही बाजूंच्या वरच्या कडेला दोन-दोन ओळी. ड्रिलने कडा खरखरीत राहतात आणि साप रात्रभर नाक घासून तोंड सोलून घेतो. भोक आतून बाहेर पाडायचं, म्हणजे वितळलेली धार बाहेरच्या बाजूला येते. मग आतून बोट फिरवून बघायचं. तुमच्या बोटाला लागलं तर त्याच्या नाकाला लागणारच. झाकणावर एकही भोक नको, कारण झाकणावर वीट ठेवायची असते. वीट ठेवायचीच, क्लिपा कितीही घट्ट असोत. साप नाकाने झाकण उचलतो आणि सकाळपर्यंत त्याच्याकडे भरपूर वेळ असतो.

उन्हाळ्याच्या शेवटी आलेली कुठलीही जाड मादी पोटुशी आहे असंच धरून चाला.

गारुड्याच्या टोपलीतला नाग

नागपंचमीच्या सुमारास येणारा नाग वेगळा असतो. वनविभाग कारवाई करतो आणि डॉक्टरकडे नेईपर्यंत टोपली आपल्याकडे येते. लोकांच्या तीन चुका इथे एकदम होतात.

पहिली: "दात काढलेत, आता काही करत नाही." सापाचे विषदंत पुन्हा येतात. तोडलेल्या दाताच्या मागे दुसरा तयार असतो. गारुड्याचा नागही पूर्ण विषारी समजूनच ठेवायचा.

दुसरी: त्याला सवयीच्या टोपलीतच राहू द्यायचं. त्या टोपलीत तो महिनोनमहिने स्वतःच्या घाणीत वेटोळं करून बसलेला असतो. टोपली बाजूला काढून वनविभागाला द्या आणि त्याला कोरड्या पेपरवर, लांब पसरता येईल अशा डब्यात ठेवा.

तिसरी चूक दुधाची, आणि तिचा मला सगळ्यात राग येतो. साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही. गारुडी त्याला कित्येक दिवस पाण्याविना ठेवतो, म्हणून समोर येईल ते ओलं तो पितो आणि बघणारे हात जोडतात. दोन वर्षांपूर्वी आलेल्या नागाच्या तोंडाला दोऱ्याचे टाके होते, डोळ्यांवर कुंकू सुकून पापुद्रा झाला होता. टाके पशुवैद्यकांनी कापले. मी पसरट भांड्यात दोन बोटं पाणी ठेवून खोलीचं दार ओढून घेतलं. फटीतून पाहिलं तर त्याने तोंड पाण्याला लावलं ते बराच वेळ काढलंच नाही. गळ्याजवळची कातडी एका लयीत हलत होती. मी तिथेच बसून राहिलो. पुढे त्याला नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राला, पाठवलं. वनविभागाला विचारा, असे साप तिकडे पाठवता येतात, आणि घरच्या डब्यापेक्षा ते कितीतरी पटीने बरं.

खाऊ घालायची घाईही अशीच. बेडूक, अंडं, कोंबडीचे तुकडे काहीच देऊ नका. मोठा साप आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो. घाबरलेला साप खात नाही, आणि खाल्लं तरी ओकून टाकतो, त्यात आणखी अशक्त होतो. पाणी द्या, बाकी डॉक्टर सांगतील.

थोडक्यात सांगण्यासारख्या गोष्टी

एका डब्यात दोन साप कधीच नाही. नाग आणि मण्यार दुसरे साप खातात. एकाने बिनविषारी कवड्या समजून विषारी मण्यार पाणदिवडाबरोबर ठेवली होती. मण्यारीचे पट्टे मानेजवळ पुसट किंवा नसतातच आणि शेपटीकडे ठळक होतात, कवड्याचे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट. तरीही शंका असेल तर विषारीच.

विषारी साप नुसत्या खोळीत नाही. कापडातून दात आरपार जातात. खोळ डब्यात, डब्याला कुलूप, वर मोठ्या अक्षरांत साप, तारीख, वेळ आणि कुठल्या वावरातला ते. खोळ उलटी करून वापरा, आतल्या सुट्या दोऱ्यांत साप गुंतून गळफास बसतो.

भुसा, माती, कडुलिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या, फिनाईल यातलं काहीच आत नको. फक्त पेपर, ओला झाला की लगेच बदला. पावसाळ्यात ओल्या पेपरवर दोन दिवस राहिलेल्या सापाच्या पोटावर फोड येतात.

लाल मुंग्या. जखमी सापाला जाळीतून सोडवून मुंग्यांना खाऊ घातलेलं मी पाहिलंय. डबा चार विटांवर, विटा पाण्याच्या ताटल्यांत.

जखमेवर हळद, तेल, रॉकेल नको. सलाईनच्या पाण्याने धुवा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

दर्शन नको. नारळ घेऊन आलेल्या आजीला हात जोडा, पण झाकण उघडू नका. फोटोसाठी उघडायला सांगणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.

आणि डबा विकत घेण्याच्या आधी तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, रात्री कोण असतं, हे स्वतः जाऊन विचारून या. घरच्यांनाही सांगून ठेवा, की काही झालं तर मांत्रिक नाही, सरळ तिकडे.

साप गेला की त्याच दिवशी डबा साबणाने घासतो, ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास ठेवतो, खळखळून धुऊन कडक उन्हात वाळवतो. खोळ वेगळी उकळतो. मग नवा पेपर घालून, मडकं आणि भांडं आत ठेवून डबा माजघरातल्या त्याच भिंतीशी, विटेसकट.