तोंडी सांगून नंतर हात झटकणाऱ्या साहेबाखाली काम कसं करावं

हा लेख एकाच प्रकारच्या साहेबाबद्दल आहे. सकाळी जाता जाता टेबलापाशी थांबून तो काम सांगतो, दुपारी त्याच्या उलट सांगतो, आणि महिनाअखेरीला वरून विचारणा झाली की सगळ्यांसमोर म्हणतो, "मी असं कधी म्हणालो?" आरडाओरडा करणारे, कामाची माहिती नसलेले, रजा मागितली की तोंड पाडणारे साहेबही असतात. पण माणसाच्या नोकरीवर बालंट येतं ते बहुतेक वेळा या तोंडी कारभारातून. मी अनेक वर्षं कारखान्यांच्या लेखा विभागात आहे. आता चाकणला, त्याआधी ठाण्यात वागळे इस्टेटला. अशा साहेबांखाली मी काम केलंय आणि हाताखालच्या मुलामुलींनाही यातून बाहेर काढलंय. "सकारात्मक राहा", "साहेबांच्या जागी स्वतःला ठेवून बघा" हे सल्ले मला आता ऐकवत नाहीत. पेमेंट चुकीच्या पार्टीला गेलेलं असतं आणि खापर तुमच्या डोक्यावर फुटणार असतं, तेव्हा त्यातला एकही उपयोगी पडत नाही.

आधी त्रास आणि गुन्हा वेगळे करा

लैंगिक छळ होत असेल तर पुढचं काही वाचत बसू नका. 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लेखी तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत द्यायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते. माणसं 10 पेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. पगार थकवला असेल तर कामगार आयुक्त कार्यालय. या गोष्टी साहेबाला "हाताळण्याच्या" नाहीत, आणि तसं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

एक वही ठेवा

तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द. रोज संध्याकाळी पाच मिनिटं. वही घरी न्यायची.

तोंडी हुकूम त्याच दिवशी लेखी करा

सगळा खेळ इथे आहे. मला जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला तोही याच पायरीला. मेल लिहायला काही लागत नाही, सूर सापडायला वेळ लागतो. थोडा चुकला तर तो मेल साहेबाला आरोपपत्र वाटतो आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्याशी वागणं बदलतं. दुसऱ्या बाजूला फार गुळगुळीत लिहिलं तर त्यात काही ठरलेलंच नसतं, आणि असा मेल असून नसल्यासारखा.

इंटरनेटवर जो नमुना फिरतो तो बहुतेक असा असतो: "आपण आज सकाळी मला अमुक करण्यास सांगितले, कृपया दुजोरा द्यावा." हा मेल कधीही पाठवू नका. "आपण सांगितले" हे शब्द वाचताच साहेबाच्या लक्षात येतं की तुम्ही पुरावा गोळा करताय. दुजोरा मागितला की तो द्यायचा नाही हेही त्याला कळतं. तो गप्प बसतो आणि तुम्ही उत्तराची वाट पाहत काम अडवून बसता.

वाक्याचा कर्ता "तुम्ही" नको, "मी" हवा. साहेब काय म्हणाला ते लिहायचं नाही, मी काय करते आहे ते लिहायचं. आमच्याकडचा मेल साधारण असा जातो:

"सर, सकाळच्या बोलण्याप्रमाणे पॅकिंग मटेरियलवाल्याचं ऑगस्टचं पेमेंट आधी सोडते आहे. त्यामुळे ट्रान्सपोर्टची बिलं या आठवड्यात निघणार नाहीत, सोमवारी निघतील. बँकेची फाईल उद्या 12 वाजता अपलोड करते. काही बदल हवा असेल तर त्याआधी सांगा."

या मेलमध्ये चार गोष्टी आहेत आणि चारही लागतात. काम कोणतं. त्यामुळे मागे काय पडणार. कोणत्या वेळेनंतर ते फिरवता येणार नाही. आणि बदल सुचवायला जागा. यातली दुसरी गोष्ट लोक हमखास गाळतात आणि तिथेच अडकतात. ट्रान्सपोर्टवाल्याने गाड्या थांबवल्या की साहेब विचारणार, "बिलं का अडवली?" ती अडणार आहेत हे आदल्या दिवशीच त्याच्यासमोर गेलेलं असेल तर तुम्हाला तोंडी काही शाबीत करावं लागत नाही. चौथी गोष्टही महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे साहेबाने उत्तर दिलं नाही तरी चालतं. तुम्ही परवानगीसाठी थांबलेल्या नाही, वेळ कळवलेली आहे. तो गप्प राहिला तर ठरल्याप्रमाणे काम पुढे जातं.

आता एक ताकीद, आणि ही मी प्रत्येक नव्या मुलाला देते. असे मेल फक्त संशयास्पद कामांसाठी पाठवू नका. आठवडाभर तोंडी चालवून एकाच वादाच्या कामाचा मेल टाकलात तर तो लगेच डोळ्यांत भरतो. सुरुवात अगदी निरुपद्रवी कामांपासून करा: स्टेशनरीची ऑर्डर, रजेवर असलेल्या सहकाऱ्याचं काम, मीटिंगची बदललेली वेळ. दोन-तीन आठवड्यांत साहेबाला तुमच्या मेलची सवय होते. काही साहेबांना तर ते आवडायला लागतात, कारण प्रत्येक जण जाणूनबुजून खोटं बोलत नसतो. दिवसभरात वीस जणांना वीस गोष्टी सांगणारा माणूस खरोखर विसरतो आणि तुमचा मेल त्यालाही आठवण करून देतो. मुद्दाम नाकारणारा कोण आणि विसरणारा कोण हेही या आठवड्यांतच कळतं. विसरणारा मेल वाचून "बरं झालं, लक्षात नव्हतं" म्हणतो. नाकारणारा तुम्हाला केबिनमध्ये बोलावतो.

केबिनमध्ये बोलावून तो काय म्हणतो तेही ठरलेलं आहे: "तोंडी सांगितलं ना, मेल कशाला टाकतेस? माझ्यावर विश्वास नाही का?" इथे घाबरून "सॉरी सर, परत नाही टाकणार" म्हणालात तर पुढचा रस्ता बंद. वादही घालू नका. शांतपणे म्हणा, "सर, माझ्याकडून काही सुटू नये म्हणून टाकते. महिनाअखेरीला गोंधळ होतो." हेच वाक्य, याच स्वरात, दर वेळी. त्याला नवं कारण देऊ नका. मेल लहान करा, तीन ओळींवर आणा, पण थांबवू नका.

सीसीबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्या दिवसापासून साहेबाच्या साहेबाला सीसीत घालणं म्हणजे उघड युद्ध पुकारणं. ज्यांचं काम खरोखर त्या विषयाशी जोडलेलं आहे त्यांनाच ठेवा. वरच्या उदाहरणात डिस्पॅचचा माणूस सीसीत असणं स्वाभाविक आहे, कारण गाड्या त्याच्या थांबणार आहेत. तो आपोआप साक्षीदारही होतो. बीसीसी तर कधीच नको. त्यात लपवून ठेवलेला माणूस चुकून "रिप्लाय ऑल" करतो आणि सगळं उघडं पडतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. पाठवलेला मेसेज दोन दिवसांहून जास्त काळ सगळ्यांसाठी पुसता येतो, आपोआप नाहीसे होणारे मेसेज कोणालाही लावता येतात, आणि फोन बदलला की जुनं संभाषण राहीलच असं नाही. साहेब व्हॉट्सअ‍ॅपवरच काम सांगत असेल तर तिथे "ठीक आहे सर" लिहा आणि तपशील मेलवर टाका. व्हॉइस नोट आली तरी तेच. चोरून फोन रेकॉर्ड करण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतील. मी तो कधीच देणार नाही. रेकॉर्डिंग बाहेर आलं की चर्चा साहेबाच्या हुकमाची होत नाही, तुमच्या रेकॉर्डिंगची होते, आणि आजूबाजूची चांगली माणसंही तुमच्याशी बोलायला बिचकतात. कंपनीचे मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करण्याआधीही दहा वेळा विचार करा. बऱ्याच कंपन्यांच्या धोरणात तो गैरवर्तनाचा मुद्दा असतो आणि तुमच्या विरोधात पहिलं कलम तेच लागतं. म्हणून तर वही सांगितली. मात्र गिऱ्हाइकांची नावं, रकमा, खाते क्रमांक वहीत नकोत. मेलची नोंद करताना तो कधी आणि कोणत्या विषयाचा गेला एवढंच लिहा.

हुकूम चुकीचा नव्हे, बेकायदा असेल तेव्हा सूर बदलायचा. आमच्याकडे नेहमीचं उदाहरण म्हणजे मागच्या तारखेची नोंद. साहेब म्हणतो, "ऑगस्टमध्ये दाखव ना, कोण बघतंय?" बघणारे बरेच असतात. एकदा भरलेलं जीएसटीचं जीएसटीआर-3बी विवरणपत्र सुधारता येत नाही. आणि 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांनी हिशेबाचं असंच सॉफ्टवेअर वापरायचं आहे ज्यात प्रत्येक बदलाचा माग राहतो आणि तो बंद करता येत नाही. म्हणजे नोंद कधी बदलली आणि कोणाच्या लॉगिनने बदलली हे ऑडिटरला दिसतं. लॉगिन साहेबाचं नाही, तुमचं आहे. अशा वेळी "करते आहे" असं मुळीच लिहू नका. लिहा: "सर, ऑगस्टचं विवरणपत्र भरून झालंय, त्यामुळे ही नोंद त्या महिन्यात घेता येत नाही. सप्टेंबरमध्ये घेऊ का, की ऑडिटरना विचारू?" नकार स्पष्ट आहे, पण साहेबाला मागे फिरायला दोन वाटा ठेवल्या आहेत. बहुतेक जण यातली एक वाट धरतात. त्यावरही तोंडी जबरदस्ती झाली तर नोंद करायची नाही. इथे मी कोणालाही नोकरीच्या भीतीने नमतं घ्यायला सांगणार नाही, कारण चौकशीत सही आणि लॉगिन पाहतात, केबिनमधलं बोलणं पाहत नाहीत.

सरकारी नोकरीत असाल तर तुमची बाजू आमच्यापेक्षा भक्कम आहे आणि बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. केंद्राच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत नियम 3 मध्ये लिहिलंय की वरिष्ठाचा आदेश साधारणपणे लेखी असावा. तोंडी द्यावाच लागला तर त्याने तो लगेच लेखी कायम करावा, आणि कनिष्ठाने लवकरात लवकर तशी लेखी पुष्टी मागावी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्येही लेखी आदेश घेण्याची, आणि ते शक्य नसेल तर नंतर पुष्टी घेण्याची तरतूद आहे. म्हणजे लेखी मागणं हा उद्धटपणा नाही, ते तुमचं कर्तव्यच आहे. नियमाचा आकडा साहेबाच्या तोंडावर मारायची गरज पडत नाही. टिपणीत "सकाळी झालेल्या चर्चेनुसार प्रस्ताव मान्यतेसाठी सादर" असं लिहून फाईल वर पाठवा. सही झाली तर प्रश्न मिटला. फाईल सहीविना परत आली तर कामही तिथेच थांबलं.

समोरासमोर बोलणं

महिना-दीड महिना मेल गेल्यावरच बोला, आधी नाही. अप्रायझलच्या दिवशी नको, कोणासमोर नको, महिनाअखेरीला तर नकोच. एकच विषय न्या: "सर, एकाच दिवशी दोन कामं तातडीची आली की आधी कोणतं करू, हे सकाळी दहा मिनिटांत ठरवलं तर बरं पडेल." मागच्या भांडणांची यादी वाचू नका.

वर जाणं

एचआर कंपनीचा पगार घेतं, हे लक्षात ठेवून जा. रडगाणं घेऊन गेलात तर "दोघांनी जुळवून घ्या" एवढंच ऐकून परत याल. तीन-चार प्रसंग तारखांसह, एका पानावर, कंपनीचं काय नुकसान झालं यासकट द्या: उशिराच्या पेमेंटवर लागलेलं व्याज, थांबलेल्या गाड्या, दोनदा झालेलं काम. साहेबाच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नको. साहेबाची बदली होईल या आशेनेही जाऊ नका. कामं लेखी देण्याची पद्धत विभागाला लागू करा, एवढंच मागा. ते मिळण्यासारखं असतं.

सोडायचं ठरलं तर

दुसरं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नको. तो मेलवरच द्या, कारण "वैयक्तिक" एवढंच लिहा, नोटीस पीरियड पूर्ण करा. आणि अर्धवट कामांची यादी, प्रत्येक काम कोणाच्या सांगण्यावरून कुठे थांबलंय यासकट, हँडओव्हरच्या मेलमध्ये टाका. या मेलमध्ये मात्र साहेबाच्या साहेबाला सीसीत ठेवा. पगाराच्या स्लिपा लॉगिन बंद होण्याआधी उतरवून घ्या, आणि पीएफ त्याच यूएएनवर (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) नव्या कंपनीकडे वळवा. रिलिव्हिंग लेटर "पाठवतो नंतर" असं तोंडी सांगितलं, तर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल हे त्याच दिवशी मेलवर विचारा.